दुसरा श्वास

माझी नजर गेली तेव्हा मी एकोणसाठ वर्षांचा होतो. काचबिंदू. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं, शेवटी उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं, आणि एका सकाळी तेही कळेनासं झालं. त्याआधी चौतीस वर्षं मी मोटारी दुरुस्त केल्या. गॅरेजमध्ये मला सगळे उस्ताद म्हणायचे, ते पान्याच्या जोरावर नाही, कानाच्या. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि ऐकायचं. कोणता व्हॉल्व्ह सैल आहे, कोणती बेअरिंग झिजायला लागली आहे, ते इंजिन स्वतःच सांगतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "उघडून तरी बघा." मी म्हणायचो, "उघडल्यावरही हेच दिसणार आहे." हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं माझ्या कानावर उभं आहे, आणि त्या कानाने मला आजवर कधी तोंडघशी पाडलेलं नाही.

लेकीने तो प्लेअर आणला तेव्हा मी सात महिने खिडकीजवळच्या एकाच खुर्चीत बसून होतो. लेक औषधांच्या दुकानात काम करते. सकाळी नऊला जायची, सहाला यायची. मधले नऊ तास मी लिफ्टच्या फेऱ्या मोजायचो. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. गॅलरीचा कठडा माझ्या कमरेएवढा आहे हे मी त्या दिवसांत दोनदा हाताने चाचपून पाहिलं होतं. लेकीला ते सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं. एक दिवस तिने गॅलरीच्या दाराला कुलूप बसवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी ही वस्तू आणली.

"बाबा, हात पुढे करा."

"हे काय, साबण?"

"पुस्तक आहे."

"पुस्तकाला बटणं कधीपासून फुटली?"

साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, गळ्यात अडकवायला दोरी. वर फोनसारखे आकडे, पाचावर एक फुगीर ठिपका. खाली बाण: धड्यावरून धड्यावर, पानावरून पानावर, वाक्यावरून वाक्यावर उडी मारायला. डाव्या कडेला आवाज, उजव्या कडेला वेग. एक लांबट बटण खूण करायला, म्हणजे जिथे थांबलो तिथे परत येता येतं. प्रत्येक बटण दाबलं की यंत्राची स्वतःची बाई बोलायची, अगदी कोरड्या आवाजात: "धडा तीन. खूण ठेवली." अंधांच्या ग्रंथालयातून टपालाने छोटी कार्डं यायची, एकेका कार्डात चार-पाच पुस्तकं. ती पुस्तकं माणसं वाचायची. हौसेने, विनामोबदला, ग्रंथालयाच्या एका खोलीत बसून.

मी आयुष्यात मोटारींची माहितीपुस्तकं सोडून काही वाचलं नव्हतं. पहिलं पुस्तक लागलं ते एका दीपगृहाच्या रखवालदाराची हकिकत. वाचणारी बाई पन्नाशी-साठीची असावी. आवाज जाडसर, घरगुती. धडा सुरू करण्याआधी ती "हं" असा घसा साफ करायची, जणू कामाला लागायचं म्हणून पदर खोचतेय. "क्षितिज" हा शब्द तिला काही केल्या जमायचा नाही. "शितिज" म्हणायची. दीपगृहाच्या पुस्तकात क्षितिज पावलोपावली. एका ठिकाणी ती चुकली, हसली, आणि म्हणाली, "जाऊ दे, तुम्हाला कळलं ना?" ते कापायचं राहून गेलं होतं. मी त्या रिकाम्या घरात मोठ्याने म्हणालो, "कळलं, कळलं." नजर गेल्यापासून मी पहिल्यांदाच दिवसाउजेडी कोणाशी तरी बोललो होतो.

तेव्हापासून मी तिचाच झालो म्हणा ना. ग्रंथालयात फोन करून सांगितलं, या बाईंनी वाचलेलं सगळं पाठवा, विषय कोणताही चालेल. थंड प्रदेशातल्या पक्ष्यांवरचं पुस्तक ऐकलं, एका डॉक्टरीणबाईचं आत्मचरित्र ऐकलं, पूल कसे बांधतात तेही ऐकलं. लेक म्हणायची, "बाबा, तुम्ही आता जेवताना पक्ष्यांवर बोलता." गॅलरीचं कुलूप तिने मग काढून टाकलं.

ते पहिल्यांदा ऐकू आलं ते चुकून. दुपारी तीनची वेळ. दीपगृहाचं पुस्तक मी पुन्हा लावलं होतं. आवाज वाढवायला गेलो आणि अंगठा उजव्या कडेला पडला. "वेग वजा दोन," यंत्र म्हणालं. बाई सावकाश बोलायला लागली, दोन वाक्यांमधल्या फटी रुंद झाल्या. आणि त्या फटीत कोणीतरी श्वास घेतला.

मला वाटलं, बाईच. पण बाईचा श्वास मला पाठ झाला होता. ती तोंडाने घ्यायची, आखूड, घाईचा. हा नाकाने घेतलेला, लांब, आणि आत गेल्यावर शेवटी एक बारीक "टिक्" व्हायचं. व्हॉल्व्ह जागेवर बसताना होतं तसं.

मी वाक्यं मागे नेली. वेग आणखी कमी केला. आवाज पूर्ण. मग लक्षात आलं, तो श्वास फटींमध्येच आहे असं नाही. बाई बोलत असतानाही तो चालूच होता. तिच्या शब्दांखालून, झोपलेल्या माणसासारखा, एका लयीत. बोलताना कोणी श्वास आत घेऊ शकत नाही. म्हणजे खोलीत दोन माणसं होती.

असेल, म्हटलं. यंत्र सांभाळायला कोणी तरी बसत असेल. लांबून येत होता आवाज. एकाच भोंग्यातून आला तरी लांबचा आवाज वेगळा कळतो. जवळचा सुका असतो, लांबचा भिंतींना घासून येतो. हा खोलीच्या दुसऱ्या टोकाचा होता. मी तिथे खूण ठेवली आणि चहा करायला उठलो.

पण डोक्यातून जाईना. गॅरेजमध्येही असंच व्हायचं, एखादा आवाज ओळखल्याशिवाय मला जेवण जायचं नाही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी बाई तारीख सांगायची, "ध्वनिमुद्रण पूर्ण झालं" म्हणून. माझ्याकडे तिची अकरा पुस्तकं होती. मी ती तारखेप्रमाणे लावली आणि प्रत्येकातली दहा-दहा पानं कमी वेगाने ऐकली. चार दिवस गेले त्यात.

पहिल्या दोन पुस्तकांत काहीच नव्हतं. तिसऱ्यात, म्हणजे दीपगृहाच्या, तो श्वास खोलीच्या टोकाला. पाचव्यात थोडा अलीकडे. सातव्यात खोलीच्या मध्यावर. नवव्यात भिंतींना घासल्याचा आवाज जवळजवळ गेलेला. अकराव्यात, जे दीड महिन्यापूर्वी पूर्ण झालं होतं, तो श्वास बाईच्या श्वासाइतकाच सुका होता. ती पान उलटायची तेव्हा कागदाचा आवाज आणि ते "टिक्" एकाच जागेवरून यायचं.

संध्याकाळी लेकीच्या कानाला प्लेअर लावला.

"काही ऐकू येतं?"

"बाई पुलाच्या खांबांबद्दल सांगतायत."

"त्यांच्या मागे?"

ती बराच वेळ ऐकत राहिली. "काही नाही, बाबा." मग अगदी सांभाळून म्हणाली, "आपण एकदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ या?"

गेलो. डॉक्टरांनी कानावर यंत्रं चढवली, शिट्ट्या ऐकवल्या, आणि म्हणाले, "आजोबा, हे कान पंचविशीतल्या पोराला लाजवतील."

मी ग्रंथालयात फोन केला. ग्रंथपाल सभ्य गृहस्थ, पण घाईतला. म्हणाला, "त्या खोलीत एकच खुर्ची आहे हो. बाई आतून दार लावतात, स्वतःच संगणकावर सुरू करतात, स्वतःच बंद करतात. आम्ही नंतर तपासतो. आमच्या तपासणीत असं काही आलेलं नाही."

"तपासणारा डोळस आहे ना?"

"म्हणजे काय! डोळसच आहे."

"मग एखाद्या आंधळ्याला बसवा."

तो हसला. मला विनोद करायचा नव्हता.

शेवटी मी हट्टच धरला, मला बाईंना भेटायचं आहे. लेकीने रजा घेतली आणि मला नेलं.

ग्रंथालय एका जुन्या कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. पायऱ्यांच्या कडा झिजलेल्या, कठड्याला नवा रंग, हाताला चिकटणारा. वाचनाची खोली पूर्वीचं कागदपत्रांचं कोठार. मी पावलांनी मोजली: टेबलापासून दारापर्यंत नऊ पावलं, रुंदीला चार. भिंतींना जाड फोम, हाताला उंचवटे लागायचे. दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी. ते लागताना कानांवर किंचित दाब यायचा आणि बाहेरचं जग कापून टाकल्यासारखं व्हायचं.

बाई ऑपरेशन थिएटरमधली निवृत्त नर्स निघाली. हात धुऊन धुऊन खरखरीत झालेला, पण पकड घट्ट.

"तीस वर्षं तोंडाला फडकं बांधून गप्प उभी राहिले," ती म्हणाली. "आता बोलून घेते. घरात ऐकणारं कोणी नाही, मग तुमच्यावर सूड उगवते."

आवाज समोरासमोर अधिकच उबदार वाटला. मी तिला क्षितिज म्हणायला लावलं. "शितिज," ती म्हणाली आणि दोघेही हसलो. लेकही हसली. तेवढ्यावर उठायला हवं होतं मी.

पण ज्या कामाला गेलो ते सांगितलं. कोणत्या पुस्तकात कुठे, कसं, सगळं. इंजिनाचा दोष सांगावा तसं, न घाबरवता. ती आधी हसत ऐकत होती. मग हसणं थांबलं.

"आता कुठे आहे म्हणालात?"

"अकराव्या पुस्तकात तुमच्या मागे. हातभर अंतरावर."

तिने विचारलं, "उजवीकडे की डावीकडे?"

एका भोंग्यातून बाजू कळत नाही. तसं मी सांगितलं.

"उजवीकडे असेल," ती हळूच म्हणाली. "त्या बाजूचं पान कधी कधी आपणहून उचललं जातं. मी उलटायच्या आधी. मला वाटायचं, पंख्याने."

"वाचताना पंखा चालू असतो?"

"नाही. बंदच ठेवावा लागतो."

लेकीने माझा दंड धरला.

मी म्हणालो, "बाई, थोडे दिवस वाचू नका."

"अहो, बारावं पुस्तक चालू आहे. तीसेक पानं उरलीत. अर्धवट कसं सोडू? पोट उघडायचं आणि टाके न घालता पेशंटला घरी पाठवायचं, असं झालं ते." ती पुन्हा हसली, पण या वेळी तोंडातल्या तोंडात. "तेवढं संपवते. मग बघू."

घरी आल्यावर मला आठवलं, ग्रंथालयाच्या सभासदांत एक मास्तर आहेत. जन्मांध, चाळीस वर्षं अंधशाळेत शिकवलेले. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालाकडून नंबर घेऊन फोन लावला. ओळख करून दिली, आणि म्हटलं, त्या बाईंच्या पुस्तकात तुम्हाला काही वेगळं ऐकू येतं का?

पलीकडे रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

"श्वास म्हणताय ना?" मास्तर म्हणाले.

मला खरं तर हायसं वाटलं. "म्हणजे तुम्हीही ऐकलाय."

"आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलाय. कमी वेगाने ऐकणाऱ्यांनी."

"मग कोणी बोललं कसं नाही?"

"उस्ताद, तुम्ही बाईंना सांगितलं नाहीत ना?"

"कालच सांगितलं," मी म्हणालो.

"अरेरे," ते म्हणाले. शांतपणे, एखाद्याची गाडी चुकल्यावर म्हणावं तसं. "कॅसेटच्या काळात एक गृहस्थ वाचायचे. तोतरे होते थोडे, पण जीव ओतायचे. मी तेव्हा तरुण, अंगात उत्साह. जाऊन सांगितलं त्यांना."

"मग?"

"मग काही नाही. त्यानंतर त्यांनी नऊ वर्षं वाचलं. फार सुरेख वाचायचे. एकदाही अडखळले नाहीत."

त्यांनी फोन ठेवला. मी बाईंचा नंबर लावला. वाजत राहिला. ग्रंथालयात लावला. ग्रंथपाल म्हणाला, "बाई आत आहेत, वाचतायत. दार बंद असताना आम्ही ठोठावत नाही."

"ठोठावा."

"मुद्रण खराब होईल हो."

"होऊ दे खराब! दार उघडा!"

"तुमचा निरोप देतो," तो म्हणाला.

लेक दुकानातून यायला अजून तीन तास होते. एकटा मी कुठे जाणार? तरी काठी घेऊन निघालो. लिफ्टने खाली आलो, रस्त्याच्या कडेला उभा राहून रिक्षांना हात करत राहिलो. वीस मिनिटांनी एक थांबली. ग्रंथालयाच्या पायऱ्या मी काठीने आणि गुडघ्यांनी चढलो.

बाई निघून गेली होती. पुस्तक संपवून, सही करून, सगळ्यांचा हसून निरोप घेऊन. "खुशीत होत्या," ग्रंथपाल म्हणाला. त्याला माझी दया आली असावी, कारण त्याने तपासणी न झालेली शेवटची तीस पानं माझ्या कार्डावर तिथेच उतरवून दिली.

मी तिथल्याच बाकावर बसलो. गळ्यातला प्लेअर चालू केला. इयरफोन लावले. वेग वजा चार.

"हं," बाईने घसा साफ केला.

ती वाचायला लागली. पण आता ती प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती. पूर्वी कधी थांबायची नाही. थांबून ती ऐकत होती.

मी सांगितल्यामुळे.

ती थांबली की तो श्वास यायचा. लांब, सावकाश. टिक्.

दहा पानं. पंधरा पानं. तिचा आवाज बारीक होत गेला. एकदा पाण्याचा पेला उचलल्याचा आवाज आला आणि तो दातांवर वाजला.

बाविसाव्या पानावर ती वाक्याच्या मध्येच थांबली.

खुर्ची करकरली. ती मागे वळली होती.

"कोण आहे?" ती म्हणाली.

टिक्.

मग बराच वेळ काही नाही. मी यंत्राला वेळ विचारली. एक मिनिट चाळीस सेकंद. ना श्वास, ना कागद. खुर्चीसुद्धा नाही.

मग बाईने वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचललं.

"…आणि क्षितिजावर," ती म्हणाली, "पहिली रेघ उमटली."

क्षितिजावर. स्वच्छ. जोडाक्षर अगदी पाठ्यपुस्तकात असावं तसं.

उरलेली आठ पानं तिने न थांबता वाचली. एकही चूक नाही. तिच्याच आवाजात. आणि तिच्या शब्दांखालून, त्याच जागेवरून, झोपलेल्या माणसाचा श्वास चालू होता.

मी ग्रंथपालाला ते ऐकवलं. तो म्हणाला, शेवटची पानं फारच छान झाली आहेत.

दोन दिवसांनी बाईंनी स्वतःच फोन केला. "तुम्ही त्या दिवशी आला होतात म्हणे. उगाच काळजी केलीत. मी अगदी ठीक आहे." आपुलकीने बोलत होती. लेकीची चौकशी केली. मी काहीबाही विचारत राहिलो, म्हणून ती बोलत राहिली, आणि ती बोलत असताना मी रिसीव्हरच्या आत तो दुसरा आवाज ऐकत होतो. एका लयीत. तिने वाक्य संपवण्याची तो वाट पाहत नव्हता.

"तुम्ही थिएटरमध्ये तीस वर्षं काय बांधायचात तोंडाला?" मी विचारलं.

"मुखपट्टी," ती म्हणाली. फडकं नाही म्हणाली. मी फोन ठेवला.

त्यानंतरच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. बाई आता महिन्याला तीन पुस्तकं वाचते. पूर्वी एक वाचायला तिला दोन महिने लागायचे. आठ-नऊ तासांचं पुस्तक, त्यात एकदाही पाणी नाही, खाकरणं नाही. ग्रंथालयाने तिचा सत्कार केला. जुनी पुस्तकंही सदोष आहेत म्हणून तिने पुन्हा वाचून देण्याची तयारी दाखवली. सगळ्या सभासदांना पत्र आलं, जुनी कार्डं परत करा. मी केली नाहीत. पण मी आजारी असताना लेकीने सद्भावनेने प्लेअर आणि कार्डं ग्रंथालयात नेऊन नवी भरून आणली. दीपगृहाचं पुस्तक मी लावलं. रखवालदार क्षितिजाकडे बघत होता. "तुम्हाला कळलं ना?" म्हणणारी बाई कुठेच नव्हती.

लेकीवर मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली. मी तिला खरं कारण सांगू शकलो नाही, कारण सांगितलं असतं तर तिनेही पुन्हा कान देऊन ऐकायला सुरुवात केली असती.

मग एका दुपारी, त्या नव्या पुस्तकांतलंच एक वजा चारवर चालू असताना, मला खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून ऐकू आलं.

"हं."

अगदी लांब. भिंतींना घासून आलेलं. वाचणारा आवाज जवळ होता, सुका, निर्दोष. त्याच्या मागे नऊ पावलांवर, दाराजवळ, कोणीतरी पदर खोचून कामाला लागावं तसा घसा साफ केला होता. आणि मग ती वाचायला लागली. तेच पुस्तक, अर्धा शब्द मागून, चाचपडत, जणू दुसऱ्याच्या खांद्यावरून बघून वाचतेय. "शितिज," ती म्हणाली.

मी मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "माहीत आहे. ऐकत राहा. आपण ऐकतोय एवढं तरी तिला असू दे."

म्हणून मी बाईंचं प्रत्येक पुस्तक मागवतो. ग्रंथपालाला वाटतं, मी तिचा सगळ्यात मोठा चाहता आहे. लेक कामावर गेली की दार लावतो, इयरफोन चढवतो आणि त्या गुळगुळीत आवाजामागे तिला शोधतो. सापडली की तिच्याबरोबर पुस्तक संपेपर्यंत थांबतो. चुकली की, "कळलं, कळलं," म्हणतो. तिला ऐकू जातं की नाही कोण जाणे.

एकेका पुस्तकागणिक ती थोडी थोडी लांब जाते आहे. परवा नवं कार्ड आलं. मी वेग पूर्ण खाली नेला, आवाज पूर्ण वर. बराच वेळ काहीच सापडेना. मग सापडली. ती खोलीत नव्हती. दाराच्या रबरी पट्टीपलीकडून आवाज कसा बुजून येतो ते मला ठाऊक आहे. ती बाहेर होती.

आणि बाहेर ती एकटी नव्हती. पाच-सहा जण असावेत, कदाचित जास्त. बाया होत्या, पुरुष होते, त्यांतला एक तोतरा. सगळे अगदी हळू, एकमेकांना अडथळा होऊ नये अशा बेताने, आपापलं पुस्तक वाचत होते.